भिंतीवर कुणाचं नाव?

माथेरानचा नकाशा कधी सावकाश वाचला आहे का? पॉइंट बघायला निघालेल्यांच्या हातात तो असतोच, पण त्यावरची नावं आपण वाचत नाही, फक्त बाण बघतो. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि त्यानं माथेरान 'शोधलं', असं आपण शाळेपासून ऐकत आलो. (ठाकर, कातकरी, धनगर त्याच्या आधीपासून तिथे होते. त्यांना डोंगर शोधावा लागला नव्हता.) त्यानंतर साहेबलोकांनी डोंगराला नावं दिली. मॅलेटच्या आडनावाचा झरा झाला. आणि बायका? शार्लट लेक, लुईझा पॉइंट. पुरुष आडनावासकट, बायका नुसत्या हाकेच्या नावानं. शार्लटच्या तलावाचं पाणी माथेराननं पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं. ती कोण होती हे त्या नकाशावर कुठेही लिहिलेलं नाही.

याच डोंगरावर साहेबांनी आपल्यासाठी चर्च बांधलं. साहेब गेले, इमारत राहिली. अशा इमारती महाराष्ट्रात थंड हवेच्या ठिकाणी आणि लष्करी छावण्यांत जागोजाग आहेत. काहींत आजही प्रार्थना होते, काहींत वर्षातून एखाद्या वेळी दार उघडतं. त्यांचं पुढे काय, असा प्रश्न निघाला की हॉटेल, सभागृह, नाहीतर संग्रहालय अशी उत्तरं येतात. त्यातलं संग्रहालय सगळ्यांना आवडतं. जुनी वास्तू वाचते, गावच्या एखाद्या चित्रकाराचा मान राहतो, सहलीला आलेल्यांना बघायला काही मिळतं. आम्हालाही हे आवडतं. माथेरानच्या चर्चचं तसं काही झालेलं नाही. पण उद्या कुठल्याही गावात होऊ शकतं, आणि झाल्यावर आपण फीत कापायच्या कार्यक्रमाला ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या राहणार असू, तर काही गोष्टी आधीच विचारून ठेवलेल्या बऱ्या.

अशा संग्रहालयाचं एक पुरं झालेलं उदाहरण ज्या देशातून आपल्या डोंगरावर ही चर्च आली तिथलंच आहे. लंडनच्या पश्चिमेला टेम्स नदीच्या काठी कुकम नावाचं गाव आहे. स्टॅन्ली स्पेन्सर हा चित्रकार तिथे १८९१ साली जन्मला आणि आयुष्यभर त्या गावाचीच चित्रं काढत राहिला. बायबलातले प्रसंग त्यानं कुकमच्या गल्लीत, कुकमच्या स्मशानभूमीत घडवले. मेलेली माणसं थडग्यांतून उठतात ती त्याच्या शेजारपाजारची. १९५९ साली तो गेला. १९६२ साली गावातल्या जुन्या मेथडिस्ट प्रार्थनाघरात त्याच्या नावाची गॅलरी उघडली. ती आजही चालू आहे. आत त्याचं अपुरं राहिलेलं मोठं चित्र आहे, गावच्या होड्यांच्या शर्यतीत प्रवचन देणारा ख्रिस्त. आणि तिथे एक जुनी बाबागाडीही ठेवली आहे. तो तिच्यात रंग, ब्रश, कॅनव्हास घालून गावभर ढकलत हिंडायचा. लोक ती कौतुकानं बघतात. आमच्या मनात मात्र बाबागाडी म्हटल्यावर दुसरंच काही आलं, ते पुढे सांगतो.

आधी त्या प्रार्थनाघराविषयी. स्पेन्सरचे वडील ऑर्गन वाजवायचे आणि त्यांचं चर्च वेगळं होतं. या प्रार्थनाघरात जाणारी होती ती त्याची आई, आणि लहानग्या स्टॅन्लीला तिनं बोट धरून इथेच आणलं. म्हणजे वास्तू आईच्या भक्तीची, नाव मुलाचं. यात कुणी कट केला असं नाही. असं होतं ते इतकं सहज होतं, की कुणाला ते दिसतही नाही.

आता त्याची पहिली बायको. हिल्डा कार्लाइन चित्रकारांच्या घरात वाढली. तिचे दोन भाऊ चित्रकार होते. ती स्वतः लंडनच्या स्लेड या नामांकित कलाशाळेत शिकली होती. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा शेतात राबायला गेलेल्या हजारो मुलींत तीही होती. १९२३ साली तिनं काढलेलं स्वतःचं चित्र आज टेट गॅलरीत आहे. १९२५ साली तिनं स्पेन्सरशी लग्न केलं, त्याच वर्षी पहिली मुलगी झाली, १९३० साली दुसरी. या काळात तो युद्धात जडलेल्या आजारानं गेलेल्या एका सैनिकाच्या स्मरणार्थ बांधलेल्या चॅपेलच्या भिंती रंगवत होता. ते काम मोठं होतं, १९२७ पासून १९३२ पर्यंत चाललं. घर, स्वयंपाक, मुली तिच्याकडे. लग्नानंतर तिचं रंगकाम कमी कमी होत गेलं. त्याच्या चित्रांत मात्र ती सतत आहे. थडग्यांतून माणसं उठण्याच्या त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात ती एकाहून जास्त ठिकाणी दिसते. हातात ब्रश असलेली बाई दुसऱ्याच्या ब्रशखाली गेली. बाबागाडी कुणाच्या हातात होती त्या वर्षांत, असं आम्हाला वाटलं ते म्हणूनच.

१९३७ साली घटस्फोट झाला. चारच दिवसांनी स्पेन्सरनं पॅट्रिशिया प्रीस हिच्याशी लग्न केलं. आणि इथून पुढची गोष्ट जशी सांगितली जाते, ती सांगण्याची रीत आपल्या नाक्यावरच्या गोष्टींसारखीच आहे. दुसरी बाई आली, तिनं भोळ्या कलावंताला नादी लावलं, घर लिहून घेतलं आणि त्याला उघड्यावर टाकलं. घर त्यानं तिच्या नावावर केलं हे खरं. लग्नानंतर ती त्याच्याबरोबर राहिली नाही हेही खरं. पण त्याला दोघी हव्या होत्या, घटस्फोटित बायकोशी संबंध ठेवून नवीही हवी होती, हे सांगताना आवाज एकदम मऊ होतो. कलावंतच तो, असं म्हणून पान उलटलं जातं. घर मोडलं की दोष वाटून द्यायला दोन बायका असतात, एक न सांभाळणारी आणि एक मोडणारी. पुरुषाच्या वाट्याला दुःख येतं.

प्रीस एकटी नव्हती. डोरोथी हेपवर्थ या आपल्या मैत्रिणीबरोबर ती राहत होती, स्लेडमध्ये दोघी भेटल्या तेव्हापासून १९६६ साली मरेपर्यंत. स्पेन्सरशी लग्नानंतरही तिचा संसार हेपवर्थबरोबरच होता. आणि ज्या चित्रांवर प्रीसची सही असे, ज्यांचं लंडनमधल्या मोठ्या समीक्षकांनी कौतुक केलं, ती रंगवलेली होती हेपवर्थनं. हेपवर्थ बुजरी, माणसांत न मिसळणारी. प्रीस बोलकी, दुकानदारांशी व्यवहार करणारी. दोघींनी आपसात ठरवून हे चालवलं. प्रीस गेल्यानंतरही हेपवर्थ आपल्या चित्रांवर तिच्याच नावानं सही करत राहिली. आपल्या चळवळीच्या सोप्या सूत्रात हे बसत नाही, आणि ते ओढूनताणून बसवूही नये. एका बाईचं नाव दुसऱ्या बाईनं वापरलं, तेही संमतीनं, कदाचित प्रेमानं. तरी एवढं विचारावंच लागतं की चित्र काढणाऱ्या बाईला समोर येण्याची इतकी धास्ती का वाटावी, आणि चित्र विकायला चित्राबरोबर एक दिसायला नीटनेटकी, गप्पिष्ट बाईही का लागावी. २०२४ साली इंग्लंडात दोघींचं मिळून एक प्रदर्शन झालं. त्याच्या शीर्षकात हेपवर्थचं नाव आधी होतं.

हिल्डा १९५० साली कर्करोगानं गेली. त्याआधी मनाच्या आजारानं तिला इस्पितळात राहावं लागलं होतं. ती गेल्यावरही स्पेन्सर तिला लांबलचक पत्रं लिहीत राहिला. अनेकांना हे फार हृद्य वाटतं. आम्हालाही वाटलं, आणि पाठोपाठ हेही वाटलं की ज्या बाईला पत्राचं उत्तर देता येत नाही तिच्याशी बोलणं किती सोपं असतं. १९९९ साली तिच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. आयुष्यभर झाकली गेलेली चित्रकार अखेर बाहेर आली. त्या प्रदर्शनाचं नाव काय ठेवावं? 'हिल्डा कार्लाइनची कला: मिसेस स्टॅन्ली स्पेन्सर'. तिला ओळख द्यायची तरी त्याच्याच नावानं. असं नाव दिलं नसतं तर लोक आले नसते, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. तो खोटा नाही, आणि म्हणूनच जास्त बोचतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग काय ती चित्रं उतरवायची? अजिबात नाही. स्पेन्सर मोठा चित्रकार होता. आम्हाला त्रास होतो तो इमारतीचा. चर्चचं संग्रहालय केलं की भिंतींना लागलेलं पावित्र्य पुसलं जात नाही, ते चित्रकाराच्या अंगावर येतं. लोक आत शिरताना आवाज खाली आणतात. चित्राला नैवेद्य दाखवायचाच काय तो बाकी राहतो. आणि देव्हाऱ्यात कुणी प्रश्न विचारत नाही. आपल्याकडच्या थोर पुरुषांच्या स्मारकांत आपण हे पाहतोच. खोलीत त्यांचं टेबल असतं, चष्मा असतो, दौत असते. दौतीशेजारी चहाचा कप कोण आणून ठेवत होतं, ते लिहायला पाटीवर जागा नसते.

आपल्याच मुलखात जवळची उदाहरणं आहेत. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा मठ जोगिणींचा. आशियात ख्रिस्ती जोगिणींसाठी इतका मोठा आणि इतका जुना मठ दुसरा नव्हता. १८३५ नंतर पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, नव्या मुली घेणं थांबलं, आणि उरलेल्या जोगिणी एकेक करून म्हाताऱ्या होऊन तिथेच गेल्या. त्या मठाच्या चर्चमध्ये २००२ पासून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. आत लाकडी, हस्तिदंती, चांदीच्या वस्तू आहेत आणि त्या सुंदर आहेत. तिथे गेलात तर वस्तूंइतकंच भिंतींकडेही बघा. दोनअडीचशे वर्षं त्या भिंतींच्या आत बायकाच राहत होत्या. काही मनानं आल्या असतील, काही घरच्यांनी आणून सोडल्या असतील.

पणजीच्या फोंताइन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्रिंदाद यांचा चित्रसंग्रह आहे. आंतोनियो शावियेर त्रिंदाद, १८७० ते १९३५, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. आपल्या बायकोची, मुलींची त्यांनी काढलेली चित्रं बघून माणूस थबकतो. त्याच संग्रहात त्यांची मुलगी आंजेला त्रिंदाद हिचीही चित्रं आहेत. ती १९०९ सालची, जे. जे. मध्येच शिकलेली. तिनं साडी नेसलेली मेरी रंगवली, बायबलातली माणसं हिंदी वेशात आणली. इथे बापाबरोबर लेकीचं कामही भिंतीवर आहे, आणि ही गोष्ट आम्ही मोकळेपणानं नोंदवतो. चांगलं झालं की चांगलं म्हणावं.

तसंच आंजेलो द फोन्सेका यांचं. गोव्यातून येऊन पुण्याच्या ख्रिस्ती आश्रमात राहिलेला हा चित्रकार १९६७ साली गेला. त्याची मेरीही साडीतलीच होती आणि त्यावरून त्याला बोलणी खावी लागली होती. त्याच्या मागे त्याची चित्रं वर्षानुवर्षं सांभाळली ती पत्नी आयव्ही यांनी, आणि पुढे त्यांच्याचमुळे ती पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात पोचली. ज्यांच्या घरात वाळवी, पावसाळा आणि जागेची अडचण आहे त्यांना विचारा, कागदावरची चित्रं चाळीस वर्षं सांभाळणं म्हणजे काय. त्याला कुणी कलाकार्य म्हणत नाही. पण ते केलं नसतं तर संग्रहालय करायला काही उरलंच नसतं.

आणि आपल्या अंबिकाबाई धुरंधर. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधरांची ही लेक १९३१ साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडली. ती घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मुलींतली एक. तिनं ऐतिहासिक प्रसंगांची मोठी चित्रं काढली, प्रदर्शनं केली, 'माझी स्मरणचित्रे' हे आत्मकथन लिहिलं. वडील १९४४ साली गेले. त्यानंतर पासष्ट वर्षं, म्हणजे २००९ साली स्वतः जाईपर्यंत, वडिलांचा संग्रह जपणारी मुलगी हीच तिची ओळख राहिली. ते तिनं प्रेमानं केलं, कुणी लादलं असं आम्ही म्हणणार नाही. पण धुरंधर म्हटल्यावर तुम्हाला कोण आठवतं?

ही सगळी कागद आणि कॅनव्हासवाल्यांची गोष्ट झाली. यापेक्षा अवघड प्रश्न डहाणू-तलासरीकडे आहे. वारली लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मधे पालघट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. पुरोहितही बाईच, चित्रकारही बाईच. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारखे लोक कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर पोचले. जिव्या सोमा म्हसे या तरुणानं लग्न नसतानाही चित्रं काढायला घेतली, शेती, मासेमारी, मुंग्या, सगळं काढलं. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांचा मान योग्यच होता, त्यांच्या हातात विलक्षण काही होतं. त्यांच्यामागून पुष्कळ पुरुष या कामात आले, कारण आता त्याला पैसा होता, सही होती, विमानप्रवास होता. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कुणी विचारली नाहीत. त्यांचं चित्र पुढच्या लग्नापर्यंत टिकायचंच नव्हतं. भिंत पुन्हा सारवायची, पुन्हा लिहायचं. जे टिकतं ते संग्रहालयात जातं. जे पुसलं जातं म्हणून दर वेळी नव्यानं करावं लागतं, रांगोळी, चौक, वाकळ, त्याच्याकडे काचेच्या पेटीचा नियम लावला की बायकांची बाजू आपोआप रिकामी दिसते.

माथेरानच्या पायथ्याला, कर्जत-खालापुरात, ठाकरवाड्या आणि कातकरवाड्यांतून काम करणाऱ्या मैत्रिणी हे आमच्यापेक्षा चांगलं जाणतात. डोंगरावर मोटारगाडीला बंदी, त्यामुळे भाजी, गॅसच्या टाक्या, बांधकामाची रेती असं सगळं माणसांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून वर गेलं. बंगले, हॉटेलं, चर्च, सगळ्याचा चिरा कुणाच्या तरी डोक्यावरून चढला. त्या डोक्यांत बायकांचीही डोकी होती. एखाद्या जुन्या वास्तूची 'वारसा' म्हणून पाटी लागेल तेव्हा वास्तुविशारद, गव्हर्नर आणि उद्घाटक यांच्या खाली एक ओळ या डोक्यांसाठी हवी, एवढं मागणं फार नाही.

चर्चचं संग्रहालय करायचा विषय कुठे निघालाच तर पहिलं विचारायचं ते त्या मंडळीतल्या ख्रिस्ती बायकांना. उपासनेची जागा अल्पसंख्य समाजाची आहे. बाहेरच्यांनी, मग त्या आपण का असेना, परस्पर ठराव करू नये. तिथे दर शनिवारी झाडलोट कोण करत होतं, फुलं कोण ठेवत होतं, गायनमंडळात कुणाचे आवाज होते, कुणाची आजी त्या अंगणात पुरली आहे, हे त्याच सांगू शकतील. त्यांचा नकार असेल तर विषय तिथेच संपतो.

त्यांचा होकार असेल तर मग पालिकेत जायचं. माथेरानला गिरिस्थान नगरपरिषद आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा संग्रहालयाच्या समितीत 'एक महिला प्रतिनिधी' अशी भीक नको, निम्म्या जागा हव्यात, आणि पैशाच्या कागदांवर त्यांची सही चालली पाहिजे. चित्राखालच्या पाटीत 'कलावंताची पत्नी' असं लिहून भागणार नाही. तिचं माहेरचं नाव, तिचं शिक्षण, ती काही रंगवत होती का, घर कशावर चालत होतं, हे सगळं लिहायचं. मॉडेल म्हणून बसलेल्या बाईचं नाव माहीत असेल आणि तिची किंवा तिच्या घरच्यांची हरकत नसेल, तर तेही. आणि फरशी पुसायला, तिकिटं फाडायला जी बाई लावाल तिला किमान वेतन द्या. मोठमोठ्या कलासंस्थांतही ही बाई कंत्राटदाराच्या माणसांत मोजली जाते.

पाटीची भाषा बदलणं अशक्य नाही हे आपण पाहिलं आहे. १९९४ च्या महिला धोरणापासून आईच्या नावाची मागणी आपण लावून धरली. तेव्हा हसणारे थोडे नव्हते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं १ मे रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा क्रमच ठरवून दिला. शाळेच्या दाखल्यावर जे होऊ शकतं ते चित्राच्या चौकटीखाली का होऊ नये?

पुढच्या अंकासाठी वाचक मैत्रिणींकडे एक काम आहे. तुमच्या गावात कुणा कलावंताचं स्मारक, दालन, संग्रहालय असेल तर एकदा जाऊन या. तिथल्या पाट्यांवर किती बायकांची नावं आहेत ते मोजा, आणि ज्यांची नाहीत त्यांच्याविषयी शेजारपाजारी विचारा. घरात कुणाच्या पेटीत आत्याची, मावशीची, आजीची चित्रं, भरतकामाचे नमुने, चौकाचे फोटो असतील तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. शाईनं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. लिहिलंत की आम्हाला कळवा.